पेशंट जरा हसता करा

शाळेच्या ऑफिसात मोठ्या बाईंच्या खुर्चीमागची भिंत ढालींनी भरलेली होती. सगळ्या आंतरशालेय चित्रकला स्पर्धेतल्या. प्रवेशासाठी पालक आले की मोठ्या बाई नुसता मागे अंगठा दाखवत आणि म्हणत, "आमच्याकडे मुलांमधला कलाकार बाहेर काढला जातो." हे काढायचं काम ड्रॉइंगच्या सरांकडे होतं. आणि ते दरवर्षी जो कलाकार बाहेर काढायचे तो एकच असायचा. ते स्वतः.

सरांची पद्धत साधी होती. मुलानं कागदावर चौकट आखायची आणि आभाळ रंगवायचं, कारण आभाळ बिघडवायला फारसा वाव नसतो. मग कागद सरांच्या टेबलावर न्यायचा. सर म्हणायचे, "थांब, जरा हात फिरवतो." हात फिरला की कागदावर तळं यायचं, तळ्यात होडी यायची, काठावर झाड यायचं आणि झाडाखाली पुस्तक वाचत बसलेली एक मुलगी यायची. खाली कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी. तेवढं मात्र ज्याचं त्यानंच लिहायचं. त्या बाबतीत सर तत्त्वाचे पक्के होते.

असं कित्येक वर्षं बिनबोभाट चाललं. सरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गणिताचे सर फळ्यावर गणित सोडवून देतातच की! शिवाय मुलांनी आपापली काढलेली चित्रं त्यांना खरोखर बघवायची नाहीत. माणसाला मान नाही, हात कानाखालून फुटलेले, कुत्र्याला पाच पाय आणि वर पोरगं सांगणार, "सर, पाचवा पाय नाही, ती शेपूट आहे." वाकडी रेघ दिसली की सरांची बोटं शिवशिवायची. खाज सुटल्यावर खाजवणं हा काही गुन्हा नव्हे, असं त्यांचं साधं गणित.

सरांची बायको इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे बसायची. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावून लावून तिला कुठल्याही गोष्टीचा खरा अर्थ पटकन लागत असे. स्पर्धेचा निकाल लागला की ती जेवताना विचारायची, "मग? यंदा कितवीत पहिले आलात?"

"सातवीत पहिला, आठवीत पहिला, सहावीत दुसरा," सर खुशीत सांगायचे, आणि मग एकदम जीभ चावून, "म्हणजे मुलं आली."

"सहावीत कमी पडलात," ती म्हणायची. "लक्ष द्या जरा."

या सगळ्यात खरी पंचाईत झाली होती ती आठवीतल्या एका मुलीची. पाचवीत तिचा पहिला नंबर आला, सहावीत आला, सातवीतही आला. शाळेत तिला सगळे 'चॅम्पियन' म्हणू लागले. तिचे वडील दातांचे डॉक्टर. त्यांनी तिन्ही चित्रं सोनेरी चौकटीत घालून दवाखान्यात लावली. पेशंट तोंड उघडून पडलेला असताना, म्हणजे तो काहीच बोलू शकत नसताना, डॉक्टर त्याला सांगायचे, "हे सगळं माझ्या मुलीचं. उपजतच आहे तिच्यात." पेशंट "आँ" करायचा. डॉक्टरांना ती दाद वाटायची.

मुलीनं एकदा घरी सांगून पाहिलं होतं, "बाबा, मी फक्त आभाळ काढलंय."

"हाच तो नम्रपणा!" डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही पेशंटना सांगू लागले.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना स्पर्धेच्या आयोजकांना दुर्बुद्धी सुचली. म्हणजे सरांच्या मते दुर्बुद्धी. एका नव्या परीक्षकानं जुनी बक्षीसपात्र चित्रं एका रांगेत लावून बघितली आणि भर बैठकीत विचारलं, "ही मुलगी इतकी वर्षं याच झाडाखाली बसून वाचतेय. तिचं पुस्तक संपत कसं नाही?" झालं! यंदापासून मुलं हॉलमध्ये बसून चित्र काढणार, विषय तिथेच मिळणार आणि शिक्षक दाराबाहेर थांबणार, असं ठरलं.

मोठ्या बाईंनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, आता मुलांना शिकवावं लागणार."

"शिकवतोच की, बाई."

"तसं नाही हो. शिकवावं लागणार."

मागे ढाली चकाकत होत्या. मग बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "महिनाभर आहे हातात. होईल ना?" ज्या सुरात माणूस गळक्या नळाबद्दल प्लंबरला विचारतो, तो सूर होता.

सरांनी आधीचे पाच विजेते निवडले. दुसरे निवडणार तरी कुठून? इतर मुलांना काय येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शाळा सुटल्यावर ड्रॉइंगच्या वर्गात त्यांनी टेबलावर बादली ठेवली. फरशी पुसायचीच बादली, निळी, एका बाजूला चेपलेली, कडी एकीकडून निसटून लोंबणारी. "काढा," सर म्हणाले.

पाच विजेत्यांनी चौकटी आखल्या. पाचांनी आभाळ रंगवलं. मग पाचही जण कागद घेऊन टेबलापाशी रांगेत उभे राहिले.

"अरे, बादली काढा ना!"

"ती तुम्ही काढता, सर," सहावीतला एक गोलमटोल मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोडी नव्हती, हेच वाईट होतं.

सरांनी सगळ्यांना परत जागेवर बसवलं. अर्ध्या तासानं ते बाकांमधून फिरायला निघाले तेव्हा चॅम्पियनच्या कागदावर टोपलीसारखं काहीतरी उमटलेलं होतं, तोंड डावीकडे आणि बूड उजवीकडे. सरांची बोटं शिवशिवली. "थांब, जरा..." म्हणत त्यांनी पेन्सिलीला हात घातला. मुलीनं कागदावर दोन्ही कोपरं ठेवली.

"सर, हात लावू नका."

"अगं, नुसती कड सरळ करतोय."

"तीन वर्षं तुम्ही नुसती कडच सरळ करताय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "हॉलमध्ये मी काय करू? बाबांनी आत्याला, मामाला, सगळ्यांना सांगून ठेवलंय. सगळे बघायला येणार आहेत. मला बादलीसुद्धा येत नाही!"

सर पुढे काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही काढून दाखवा ना. आमच्या कागदावर नको. फळ्यावर."

एवढंच ना! सरांनी बाह्या सारल्या, खडू घेतला, फळ्याकडे तोंड केलं आणि दोन मिनिटांत झकास बादली काढली. गोल काठ, सुबक कडी, अंगावर चमक. झटकून हात पुसले आणि वळले. मुलं फळ्याकडे बघत होती, मग टेबलाकडे, मग पुन्हा फळ्याकडे.

"सर, छान आहे," गोलमटोल मुलगा म्हणाला, "पण ही दुसरीच बादली आहे."

आधी एक हसला, मग सगळे हसले. सरांनी टेबलाकडे पाहिलं. चेपलेली बाजू, लोंबती कडी. या बादलीकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. त्यांनी फळा पुसला आणि बघून काढायला घेतलं. रेघ थरथरली. चेपलेली बाजू फुगल्यासारखी दिसायला लागली. पुसलं, परत काढलं. तिसऱ्यांदा जे निघालं ते चॅम्पियनच्या टोपलीचं थोरलं भावंड होतं. आता कुणी हसलं नाही, आणि ते सरांना जास्त लागलं.

घरी गेले ते तोंड पाडूनच. बायको कपड्यांना इस्त्री करत होती. सर वही घेऊन समोर बसले आणि तिचं चित्र काढू लागले. बराच वेळ खालमानेनं रेघा ओढल्या. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि डोकावून पाहिलं.

"ही कोण?"

"तू."

"मग मी पुस्तक का वाचतेय?"

सरांनी खाली पाहिलं. खरंच! इस्त्रीच्या जागी पुस्तक. मागे एक झाडसुद्धा यायला लागलं होतं. बायको हसून हसून खुर्चीत बसली. सरांना आधी राग आला, मग तेही हसले. सगळ्या शाळेला वाटत होतं की मुलांना चित्र येत नाही आणि सरांना येतं. आता निदान दोन माणसांना खरं कळलं होतं.

पुढचे दिवस सर शिकवायचे कमी आणि शिकायचे जास्त. अर्थात हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी घरी जे जमलं, ते दुसऱ्या दिवशी वर्गात अनुभवाचे बोल म्हणून सांगायचं. "बादली म्हणून बघू नका. ती बादली आहे हे विसरा. उजेड कुठे संपतो ते बघा." दुसऱ्या दिवशी, "कडी काढू नका. कडी आणि काठ यांच्यामधली मोकळी जागा काढा, कडी आपोआप येईल." आणि ती खरंच यायची. स्वतः मात्र त्यांनी हात पाठीमागे एकमेकांत अडकवून फिरायचा नेम केला. बोटं शिवशिवली की दुसऱ्या हातानं दाबून धरायची. शाळेत कुजबुज झाली की सरांची पाठ धरली आहे.

मुलांचं म्हणाल तर ती चेकाळली. सर कागदाला हात लावत नाहीत म्हटल्यावर त्यांना भलताच चेव आला. एकानं बादली काढली ती रुसल्यासारखी. "ती रुसलीच आहे, सर. रोज घाणीतच जायचं म्हटल्यावर!" सर म्हणाले, "बादली रुसत नसते." मग जरा वेळ तिच्याकडे बघून म्हणाले, "बरं, असू दे." वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत 'असू दे' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असेल. चॅम्पियन कुणाशी बोलायची नाही. कागद फाटेपर्यंत बघायची आणि काढायची, दात आवळून, जशी काही बादलीशी तिची जुनी भांडणं होती.

स्पर्धेच्या दिवशी मुलं हॉलमध्ये गेली, दारं लागली आणि निरनिराळ्या शाळांचे ड्रॉइंगचे शिक्षक शेजारच्या खोलीत कोंडल्यासारखे बसले. गंमत अशी की खरे स्पर्धक हेच. वर्षानुवर्षं हीच मंडळी एकमेकांशी लढत आलेली, पण मुलांच्या नावानं. समोरासमोर बसायची वेळ पहिल्यांदाच आली होती. सगळ्यांचे हात मोकळे, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. चहाची किटली आली. एक दाढीवाले सर होते, दुसऱ्या एका शाळेचे, सरांचे जुने वैरी. गेल्या वर्षी सहावीत त्यांनीच सरांना हरवलं होतं. ते जांभई देत म्हणाले, "वेळ जायला काहीतरी हवं. किटली काढायची का? सहज आपली."

"सहज काढू," सगळे म्हणाले.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते मुलांनी केलं असतं तर वर्गाबाहेर उभं राहावं लागलं असतं. कोपरं आडवी लावून कागद झाकले गेले. एका बाईंनी शेजारणीला "बघून काढताय" म्हणून सुनावलं. "अहो, सगळे किटलीच काढतोय, मग बघून काढणार नाही तर काय?" यावर रुसवा झाला. एकानं उजेड नीट पडत नाही म्हणून किटली हलवली, तर दुसऱ्यानं ती परत जागेवर आणली. शिपाई आणखी चहा ओतायला आला, तर चौघं एकदम ओरडले, "हात लावू नका!" शेवटी कागद मधे ठेवले. दाढीवाल्यांची किटली एकदम राजवाड्यातली होती, झळाळती, नक्षीदार. समोरची ॲल्युमिनियमची होती आणि तिचं झाकण दोरीनं बांधलेलं होतं. सरांच्या किटलीला दोरी होती. सगळी किटली मात्र एका अंगाला कलली होती.

"हात गेला की काय हो तुमचा?" दाढीवाले गोड आवाजात म्हणाले.

"दोरी राहिली तुमची," सर म्हणाले. पण तीर वाया गेला. दाढीवाल्यांना दोरी कुठली, हेच कळलं नाही.

हॉलमध्ये मुलांना विषय मिळाला होता, 'कामात गढलेला माणूस'. दुपारी सगळी चित्रं व्हरांड्यात टांगली. बक्षिसांची घोषणा झाली, आणि पहिला नंबर एका अशा शाळेचा आला की तिथे ड्रॉइंगला शिक्षकच नव्हता. सगळ्या शिक्षकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. दुःख समान वाटलं गेल्याचा आनंद त्यात होता. सरांच्या पाच विजेत्यांपैकी रुसलेल्या बादलीवाल्याला उत्तेजनार्थ मिळालं. चॅम्पियनला काहीच नाही.

सर तिच्या चित्रापाशी गेले. तिनं वडिलांचा दवाखाना काढला होता. डॉक्टरांची नुसती पाठ दिसत होती, रुंद, वाकलेली, सगळा कागद अडवून बसलेली. खुर्ची वाकडी होती. पेशंटचा चेहरा पाठीआड गेलेला. बाहेर दिसत होते ते त्याचे दोन हात, खुर्चीचे दांडे धरलेले, आणि ते असे धरलेले की बघताना सरांच्या स्वतःच्या दाढेत कळ आली. बोटं जाडी होती, एका हाताला बहुधा सहा होती. पण भीती सगळीच्या सगळी त्या मुठींत उतरली होती. सर बराच वेळ उभे राहिले. मागचे हात कधी सुटले ते त्यांना कळलं नाही, पण बोटं काही शिवशिवली नाहीत.

सोमवारी ऑफिसात मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदा आपण निकालापेक्षा अनुभवाला महत्त्व दिलं, असं म्हणू या." आणि आवाज न बदलता पुढे म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून ड्रॉइंगचा एक तास कॉम्प्युटरला देतोय."

दुपारी ड्रॉइंगच्या वर्गात डॉक्टर आले ते चित्राची गुंडाळी काखेत मारून. मागून मुलगी, चेहरा कोरा. आत्या आणि मामा येऊन गेले होते, त्याची धग अजून डॉक्टरांच्या चेहऱ्यावर होती.

"सर, तुम्हाला काय सांगायचं! स्पर्धेचं सोडा हो, एखादा दिवस असतो तसा. पण हे दवाखान्यात लावायचंय, चौथी चौकट तयार आहे. एवढं जरा हात फिरवून द्या." त्यांनी कागद टेबलावर पसरला. "ही खुर्ची सरळ करा. नवीच घेतली मी, फार महाग आहे. मला जरा बाजूनं दाखवा, पाठच काय दिसतेय नुसती! आणि मुख्य म्हणजे," त्यांनी त्या दोन मुठींवर बोट ठेवलं, "पेशंट जरा हसता करा. हे बघून माणसं दारातूनच परत जातील."

"बाबा, नको ना," मुलगी म्हणाली.

कबूल करायलाच हवं, की खुर्चीचं वाकडेपण सरांनाही खुपत होतं. पाच मिनिटांचं काम. त्यांनी हात मागे बांधले.

"डॉक्टर, हे तिचं चित्र आहे."

"तेच म्हणतोय मी. आधीची तीन तिचीच आहेत, यावेळीच काय झालं?"

"आधीची माझी होती."

डॉक्टर हसले. विनयाच्या बाबतीत त्यांचा हिशेब ठरलेला होता. "सर, तुम्ही मार्गदर्शन केलंत, ते आम्ही मानतोच!"

"मार्गदर्शन नव्हे. तळं, होडी, झाड, सगळं मी काढलं. हिनं आभाळ काढलं."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, आणि मग त्यांनी जगातल्या यच्चयावत पालकांप्रमाणे जे आपल्याला परवडतं तेच खरं धरलं. "द्यायचं नसेल तर नका देऊ, सर. पण पोरीचं खच्चीकरण करू नका." कागद गुंडाळून ते ताडताड निघून गेले.

मुलगी जरा मागे रेंगाळली.

"सर, एक सांगू? मला चित्रकला आवडत नाही."

"अगं, पण त्या मुठी..."

"त्या जमल्या. तरी आवडत नाही. आधी कळायला मार्गच नव्हता. मी पुढच्या आठवड्यापासून पोहायला जाऊ का, या वेळात?"

सरांना वाईट वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला काही शिकवलं, आणि ती शिकून निघाली. "जा," ते म्हणाले. "पण वही ठेव जवळ." ती हो म्हणाली, पण ते मोठ्यांना म्हणायचं हो होतं.

दोनेक महिन्यांनी सरांच्या दाढेनं खरंच उचल खाल्ली. गालावर हात धरून त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "जवळचा दवाखाना तोच आहे. अभिमान गिळता येईल, दाढ गिळता येणार नाही." तिनंच धरून नेलं.

डॉक्टर अगदी सौजन्यानं वागले. खुर्ची मागे कलली आणि सरांना भिंतीवरची चौथी चौकट दिसली. डॉक्टर त्यात बाजूनं उभे होते, दहा वर्षांनी तरुण. खुर्ची सिंहासनासारखी, त्या राजवाड्यातल्या किटलीसारखीच झळाळती. पेशंट सगळे दात दाखवून हसत होता, आणि मुठींच्या जागी मांडीवर अलगद ठेवलेले दोन पंजे होते, पाच-पाच बोटांचे. खाली कोपऱ्यात मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी. सरांना ते अक्षर ओळखू आलं नाही. म्हणजे दाढीवाल्यांनी नावसुद्धा स्वतःच घातलं होतं! माणसाला काही तत्त्व?

"तुमच्या त्या दाढीवाल्या मित्रांनी दिलं करून," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. "अगदी आनंदानं. मोठं करा तोंड."

सरांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी "आँ" केलं.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत गेले ते गाल सुजवून, तोंडात कापसाचा बोळा धरून. बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. सातवीचा तास होता. सर खुर्चीत बसले, मुलांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि सर काही खुणा करायच्या आतच मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्हालाच काढू?"

सरांनी नाही म्हणून मान हलवायचा प्रयत्न केला. दुखलं. तो होकार समजून वर्ग कामाला लागला.

असा तास त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. एकही आभाळ निघालं नाही. सगळे डोळे बारीक करून त्यांच्या गालाकडे बघत होते, मग खाली, मग परत वर, इतक्या बारकाईनं की सरांना अंगावरचे कपडे कमी झाल्यासारखं वाटायला लागलं. कुणी उठून बाजूनं बघून गेलं. एकीनं अगदी जवळ येऊन कापसाचं टोक कुठून दिसतं ते पाहिलं आणि "थँक्यू, सर" म्हणून परत जाऊन बसली. घंटा झाली तरी कुणी उठेना. मग एकेक कागद टेबलावर येऊ लागला. कुणाच्या चित्रात गाल भोपळ्याएवढा, कुणाच्यात गालालाच डोळे फुटलेले. एकात सर अगदी लहान मुलासारखे दिसत होते, आता रडतील असे. ते चित्र सरांनी जरा जास्त वेळ हातात धरलं.

शेवटचा कागद पहिल्या बाकावरच्या चुळबुळ्या मुलाचा होता. चित्र उत्तम होतं, अगदी हुबेहूब, फक्त गाल चुकीच्या बाजूचा सुजला होता. सरांनी स्वतःच्या उजव्या गालाकडे बोट दाखवलं, मग कागदावरच्या डाव्या गालाकडे.

मुलानं दोन्हीकडे नीट पाहिलं. "हो, पण या बाजूनं जास्त छान दिसता तुम्ही," तो म्हणाला, आणि दप्तर उचलून पळाला.

सरांनी बोळ्याआडून "असू दे" म्हटलं. ते काय होतं, हे वर्गात कुणालाच कळलं नाही.